निघायची जागा

जिभाऊ, तुम्ही बरोबर होतात. घ्या, लिहून दिलं.

काल तुमची गंधमुक्ती झाली, बाराव्या दिवसाची. मांडवात पाच-सहा जण बोलले. एकाने तर तुम्ही कधी कुणावर चिडला नाहीत असं ठोकून दिलं, तेव्हा मी आणि जिजींनी, सासू-सुनांनी, एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं रडताहेत. रडतही होतो म्हणा. मला कुणी बोल म्हटलं नाही, सून काय बोलणार! आणि म्हटलं असतं तरी मला जे सांगायचं आहे ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले. तुमचं श्रेय माझ्या नावावर राहू दिलं. आता ते निस्तरायचं तर एक ओळ लिहावी लागते, आणि आमच्या धंद्याचा नियम असा की ती ओळ त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहायची नाही. तुम्हाला कुठे विचारू? आठ-नऊ दिवस मी त्या एका ओळीपाशी अडून बसले आहे.

अजय म्हणतो, तू सरळ टाकून दे, कोण बघतंय? तुमचा मुलगा आहे तो, पण तुमच्यासारखा नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कोनी बघो का न बघो, तू तं बघी ऱ्हायनी ना?"

म्हणून सुरुवातीपासून बोलते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी ऐका. तुमच्यासमोर मांडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट उमगत नाही, ही खोड तुम्हीच लावलीत.

जिजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी नाशिकहून दोन महिन्यांसाठी आले होते. काम घरून चालत होतं, अजयची नोकरी सुरतेला, म्हटलं बघू दोन महिने. त्याची चार वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे राहून, आत न येता, विचारलंत, "बेटा, तू दिवसभर हाई काय करी ऱ्हायनी?" मी म्हटलं, कर्नलवर काम करते. तुम्हाला वाटलं लष्करातला. तुम्ही जिजींना जाऊन सांगितलंत की सून मिल्ट्रीचं काम करते, कुणाला बोलायचं नाही. गल्लीत दोन दिवस माझा काय मान वाढला होता!

मग मी तुम्हाला सांगितलं की कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम. कुणाला किती जागा, कुणी कधी थांबायचं, कुणाचं सामान कुठे ठेवायचं, हे तो ठरवतो. "मुकादम" म्हटल्यावर तुमचे कान टवकारले. तुमचा सगळा जन्म कारखान्याच्या ऊस यार्डात गेलेला. गेटवर गाड्यांना नंबर द्यायचे, यार्डात ओळीने उभ्या करायच्या, काट्यावर वजनाला सोडायच्या, गव्हाणीपाशी न्यायच्या. गव्हाण म्हणजे जिथे ऊस पडतो आणि आत गिरणीच्या तोंडी जातो ती. रिकामी गाडी पुन्हा बाहेर. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी हंगाम सुरू झाला की भोंग्याच्या आवाजावर तुमचा चहा ठरायचा.

खरी गट्टी जमली ती त्या पेन ड्राइव्हपायी. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही घोड्यांचे व्हिडिओ काढले होते. चाळीस व्हिडिओ, त्यातल्या तिसांत नुसते पाय. ते तुमच्या दोस्ताला द्यायचे म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर चढवायला घेतले. पट्टी सरसर पुढे गेली, शंभर टक्के झालं, आणि मग सगळं थिजलं. बाण हलेना, दुसरी खिडकी उघडेना. तुम्ही ती बोटभर काडी निरखून पाहत म्हणालात, "एवढुशी ही, अन् हिना पायी सगळं मशीन बंद?"

मी समजावून सांगितलं. डिस्क हळू असते, पेन ड्राइव्ह तर त्याहून हळू. मेमरी वेगवान. म्हणून प्रोग्रॅम काही लिहायला देतो तेव्हा कर्नल ते आधी मेमरीत उतरवून घेतो आणि प्रोग्रॅमला सांगून टाकतो, झालं, जा तू. मग सवडीने एकेक पान डिस्कवर नेऊन ठेवतो. मेमरीत असलेल्या, पण अजून डिस्कवर न पोचलेल्या पानांना आमच्यात मळलेली पानं म्हणतात. स्वच्छ पानाची जागा केव्हाही रिकामी करता येते, त्याची प्रत डिस्कवर असते. मळलेलं पान टाकता येत नाही. टाकलं की गेलं. अशी पानं साठत गेली आणि मेमरी भरली, की नवीन कुणालाच जागा मिळत नाही आणि सगळे ताटकळतात.

तुम्ही ती काडी उलटीपालटी करून पाहिलीत. मग म्हणालात, "म्हंजे काटा व्हयी गया, पन ऊस गव्हाणमा पडना नही."

वजन झालं, पण ऊस गिरणीत गेला नाही. काय सांगू जिभाऊ, कॉलेजात हे मला शिकवायला एका सरांनी तीन तास घेतले होते.

त्यानंतर तुम्ही माझी परीक्षाच घ्यायला लागलात. यार्ड भरलं तर तुझा मुकादम काय करतो? मी म्हटलं, पूर्वी पूर्ण भरेपर्यंत सगळ्यांना आत घ्यायचा, मग एकदम फाटक बंद. तुम्ही कपाळावर हात मारलात. फाटक एकदम बंद केलं की रस्त्यावर तळोद्यापर्यंत रांग लागते, बैल उन्हात, माणसं हातघाईवर. तुम्ही काय करायचात ते सांगितलंत. यार्ड अर्धं भरलं की गिरणीला घाई करायची. त्याहून वर गेलं की गेटवर प्रत्येक गाडीला थोडं थोडं थांबवायचं. एका गाडीला नंबर द्यायचा, मग गाडीवानाला म्हणायचं, ये भाऊ, घोटभर चहा घे. चहा झाला की पुढची. जितकं यार्ड जास्त भरलेलं तितका चहा लांबायचा. आणि ज्याच्या गाड्या जास्त येताहेत त्याने जास्त थांबायचं. एकच गाडी घेऊन आलेल्याला लवकर सोडायचं.

मी खुर्चीतून उठलेच. कारण आत्ताचे कर्नल हेच करतात. दोन खुणा असतात. खालची खूण ओलांडली की मागच्या मागे पानं डिस्कवर न्यायला सुरुवात होते. तिच्या वर गेलं की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला जरा जरा झोपवतात, डोळ्याचं पातं लवायलाही जास्त वेळ लागेल इतकंच. जो जास्त लिहितो तो जास्त थांबतो. शिवाय कुठली डिस्क किती वेगाने रिचवते यावर नजर ठेवतात, म्हणजे एका हळू काडीपायी बाकीच्यांचं काम अडू नये. मी म्हटलं, जिभाऊ, हे शोधून काढायला जगातली हुशार माणसं कित्येक वर्षं भांडली आहेत. तुम्ही म्हणालात, "मंग आठे यार्डमा येवानं व्हतं. चहा पाजता मी."

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी जमलं नाही. कर्नल आधी "झालं" म्हणून सांगतो आणि नंतर लिहितो, हे तुम्हाला अजिबात पटायचं नाही. मी म्हणायचे, अहो, ज्याला खात्री हवी असते तो प्रोग्रॅम तसं विचारू शकतो, खरंच डिस्कवर पोचलं का ते सांग. मग कर्नल पूर्ण पोचवतो आणि मगच उत्तर देतो. तुम्ही हसलात. "म्हंजे कोनी इचारं तरच खरं सांगस तुन्हं मशीन?" मी चिडले. दोन दिवस मी तुमच्याशी वेगाचे फायदे यावर वाद घातला आणि तुम्ही दोन दिवस तेच एक वाक्य ऐकवत राहिलात. जिजी म्हणाल्या, या घरात आता दोन म्हातारे झाले.

परवा दारावर भेटायला धडगावकडचा एक माणूस आला होता. पूर्वी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला यायचा. चपला काढून ओट्यावर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "साहेब थांबवायचे फार. पण किती थांबायचं ते खरं सांगायचे. दोन तास म्हटलं तर दोन तास. मग आम्ही बैल सोडायचो, भाकर खायचो." एवढंच बोलला, जिजींच्या पाया पडला आणि गेला. मांडवातल्या सगळ्या भाषणांपेक्षा तो माणूस मला तुमचा वाटला.

आता मूळ गोष्टीवर येते. टाळत होते ती.

तुमच्या यार्डाच्या एका अंगाला निंबाखाली एक पट्टा तुम्ही कायम मोकळा ठेवायचात. चुन्याची रेघ मारून. बाहेर रस्त्यावर रांग लागली तरी त्या पट्ट्यात भरलेली गाडी उभी राहू द्यायची नाही. त्यावरून तुम्ही किती जणांशी वाकडं घेतलंत ते जिजींनी मला सांगितलं. लोक म्हणायचे, एवढी जागा रिकामी पडली आहे आणि हा माणूस आम्हाला उन्हात उभं करतो. तुमचं ठरलेलं उत्तर होतं, ती जागा रिकामी नाही, ती निघायची जागा आहे. एकदा तुम्ही चार दिवस पुतणीच्या लग्नाला गेलात आणि तुमच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाने भिडेपोटी तो पट्टा भरून टाकला. परत आलात तर यार्ड उसाने गच्च आणि गिरणी उपाशी! ऊस खाली करून झालेल्या गाड्यांना वळायला जागा नाही, त्या गव्हाणीच्या तोंडाशी अडकलेल्या, आणि त्या निघत नाहीत म्हणून भरलेल्या पुढे सरकत नाहीत. लग्नाच्या धुवट सदऱ्यातच तुम्ही बैल सोडवले, माणसं लावली आणि गाड्या हातांनी मागे ढकलत ढकलत दुपारपर्यंत वाट काढलीत.

ही गोष्ट तुम्ही मला निदान दहा वेळा सांगितलीत. दहाही वेळा मी म्हटलं, अहो जिभाऊ, मेमरी म्हणजे काय निंबाखालचा पट्टा आहे का? वापरायची नाही तर कशाला घ्यायची? रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी. हे वाक्य आमच्यात सगळेच म्हणतात, मीही छाती पुढे काढून म्हणायचे.

आणि मग गेल्या हिवाळ्यात माझी चांगली जिरली. माझ्याकडे असलेल्या कोडमध्ये एक रोग निघाला. मशीन महिनोन् महिने ठणठणीत चालायचं आणि एखाद दिवशी, मेमरी काठोकाठ भरलेली असताना जोरात लिखाण सुरू असलं, की जागच्या जागी गोठायचं. कारण समजत होतं, पण हातात येत नव्हतं. मेमरी मोकळी करायची तर मळलेली पानं डिस्कवर न्यायला हवीत. पण नेण्याच्या कामालाही थोडी मेमरी लागते, पत्ता लिहायला, चिठ्ठी करायला. तीच शिल्लक नाही. म्हणजे मोकळं करायला जागा हवी आणि जागा व्हायला मोकळं करायला हवं. हे आमच्या लोकांना जुनंच ठाऊक आहे, म्हणून अशा कामासाठी चिमूटभर मेमरी आधीच बाजूला काढून ठेवतात. माझ्या कोडमध्येही होती ठेवलेली. तरी गोठायचं. पाच आठवडे मी त्याच्या मागे होते. जेवणात लक्ष नाही, अजयचा फोन आला की खेकसायचं, जिजींच्या हातच्या कळण्याच्या भाकरीला नावं ठेवायची. माणसातून उठले होते.

त्या सकाळी तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळत होतात. म्हणालात, "तुन्ही निंघानी जागा कोठे शे?" मी तोंड वेंगाडून म्हटलं, आहे हो, ठेवली आहे. एकच आहे, पण पुरेशी आहे. तुम्ही लिंबाची साल बाजूला ठेवलीत. "आत जानारले अन् बाहेर येनारले एकच जागा ठेवशी, तं दोन्ही आडकतीन." मी ताट तसंच टाकून उठले. तुम्हाला वाटलं रागावले. रागावलेच होते.

आणि तेच होतं, जिभाऊ. अगदी तेच! लिखाण आमच्याकडे दोन टप्प्यांनी खाली जातं. पहिला टप्पा ते आत घेतो, दुसरा डिस्ककडे सोडतो. दोघेही त्याच एका राखीव चिमटीतून उचलत होते. गर्दीच्या वेळी पहिल्या टप्प्याची कामं सगळी चिमूट घेऊन बसायची आणि दुसऱ्याची वाट बघायची. दुसऱ्याला सोडायला काहीच उरायचं नाही. भरलेल्या गाड्या निघायच्या जागेत. मी दोन वेगळ्या चिमटी केल्या, मध्ये चुन्याची रेघ मारली म्हणा ना, आणि मशीनवर दोन दिवस वाटेल तसा भार टाकला. ते रांगलं, कण्हलं, पण गोठलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात. मी दुरुस्ती पाठवून नुकतीच बाहेर आले होते. तुम्ही चष्म्यावरून पाहत विचारलंत, "मन्ही जागा कामले उनी का व माय?"

आणि मी म्हटलं, "नाही हो जिभाऊ, नाही आली कामाला. ते वेगळंच निघालं. तुम्हाला नाही समजायचं."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि पेपरची घडी घातलीत.

का म्हटलं मी असं? या बारा दिवसांत स्वतःला हेच विचारते आहे. पाच आठवडे डोकं मी फोडलं होतं आणि उत्तर तुम्ही लिंबू पिळता पिळता दिलंत, याचा मला राग आला होता. माझ्या मीटिंगमध्ये तुम्ही एकदा ताकाचा पेला घेऊन आलात तेव्हा पलीकडचे दोघं हसले होते. त्यांना मी काय सांगणार होते, की ही दुरुस्ती मला सासऱ्यांनी ऊस यार्डावरून सांगितली? लाज वाटली मला. तुमची वाटली हे लिहिताना आता माझीच वाटते. आणि तुम्ही त्या कर्नलवर काय टीका करायचात! विचारलं तरच खरं सांगतो म्हणून. तो बिचारा विचारल्यावर तरी सांगतो. मी विचारल्यावरही खोटं बोलले.

नंतर रोज वाटायचं, आज सांगू. जेवताना सांगू, चहाला सांगू. आणि तुमचं आपलं नेहमीसारखंच चाललेलं, मला बाजारातून बोरं आणून देणं, माझ्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून देणं, मीटिंग सुरू असली की गल्लीतल्या फटफटीवाल्यांना हातवारे करून गप्प करणं. तुम्ही जराही आकस धरला नाहीत, म्हणून मलाही घाई वाटली नाही. तुम्ही कुठे जाणार होतात! आणि एका सकाळी गेलात.

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या दुरुस्तीला उत्तर आलं. आमच्यात असं असतं की दुरुस्ती आधी सगळ्यांसमोर ठेवायची, जाणती माणसं ती तपासतात, खोट काढतात, मग ती आत जाते. तपासणारे गृहस्थ तुमच्याच वयाचे असतील, फार कडू बोलतात. त्यांनी लिहिलं, दोन राखीव जागा वेगळ्या करण्याची कल्पना चांगली आहे, ती तुम्हाला कशी सुचली ते वर्णनात नीट लिहून पुन्हा पाठवा. हे वाचलं आणि मी पहिल्यांदा मोकळी रडले. तोवर पाहुण्यांचा चहा आणि सतरंज्या, यातच होते.

आमच्या दुरुस्त्यांना खाली नावं जोडतात. लिहिणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं. आणि कल्पना दुसऱ्या कुणाची असली तर "सुचवणारा" म्हणून त्याचं. त्या ओळीचा नियम मी मघाशी सांगितला. नाव एकदा गेलं की जगभर जातं, कधीही पुसता येत नाही, म्हणून ज्याचं नाव त्याची परवानगी घ्यायची. तुमचं जिवंतपणी घेतलं नाही ते नाव आता तुम्हाला न विचारता घेऊ? आणि नाही घेतलं, तर ते वर्णन माझ्याच नावावर जाईल, खोटं कायमचं पक्कं होईल. आज ते पाठवायचं आहे.

सकाळी मी लॅपटॉप घेऊन मागच्या पायरीवर जिजींपाशी जाऊन बसले. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. यार्ड, चिमटी, पोहे, आणि मी काय म्हटलं ते. जिजींचे हात थांबले नाहीत. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "त्यास्ले माहीत व्हतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"त्या दिन तू दोन भाकरी खाद्यात. महिनाभर तू चिमनीनागत जेवी ऱ्हायंती. माले म्हने, तिनं काम व्हयी गयं, मन्ही जागा कामले उनी. पन तिले सांगू नको माले समजनं म्हनीसन."

जिभाऊ, तुम्ही ना! मी किती महिने तोंड लपवून फिरले आणि तुम्ही माझ्या भाकरी मोजून बसला होतात. मला हसू येईना आणि रडू आवरेना. जिजींनी माझ्या पाठीवरून मेथीचा हात फिरवला.

मग त्यांनी विचारलं, "त्यास्नं नाव कोठे जाई?" मी म्हटलं, सगळीकडे. जिथे जिथे हे मशीन चालेल तिथे त्याच्या इतिहासात राहील. कुणीही कधीही वाचू शकेल. "अन् पुसता येस नही?" नाही येत. कुणालाच नाही.

जिजींनी दुसरी जुडी ओढून घेतली. मी लॅपटॉप उघडला, त्या ओळीपाशी आले आणि माझी बोटं थांबली. चार वर्षांत मी तुमचं नाव एकदाही तोंडाने घेतलेलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. जिभाऊ, बस. मी म्हटलं, जिजी, तुम्ही सांगा. पूर्ण नाव सांगा, मी लिहिते. तुम्ही सांगितलंत तर मी ती परवानगी समजेन.

आणि बोलून गेल्यावर मी जीभ चावली. जिजी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उभ्या जन्मात घेतलं नाही. रेशनच्या रांगेत कार्ड पुढे करतात. तुम्ही गेलात त्या सकाळी दवाखान्यात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही, त्या घाईतही, त्यांनी माझ्या हाताला धरून मला पुढे केलं होतं. मी म्हटलं, राहू द्या जिजी, मी लिहिते, मला येतं.

त्यांनी हातातली जुडी परातीत ठेवली. हात लुगड्याला पुसले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि परसातल्या पेरूकडे पाहत, शाळेतल्या पोरीने म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सुपडू. रोहिदास. पाटील." आणि मग माझ्याकडे वळून, "लिख."

मी लिहिलं.

त्या पुन्हा म्हणाल्या, "सुपडू रोहिदास पाटील." मग नुसतंच "सुपडू." आवाज जरा मोठा झाला होता. मग आणखी एकदा. माझं लिहून केव्हाच झालं होतं, जिभाऊ, पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.